'टर्फ हाउस'ला मराठीत काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल: आइसलँडच्या दक्षिणेला, वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याशी स्काफ्ताफेल आहे. तिथल्या जुन्या घरांवरचा मजकूर मराठीत करतेय. १९१२ सालचं 'सेल' नावाचं घर आहे, पुढून लाकडी, बाजूंना नि छपरावर हिरवळ. मी 'गवती घर' लिहिलं, तर संपादक विचारतात, "म्हणजे झोपडी?"

आडवाट: गवतारू! कोकणातला सोन्यासारखा शब्द.

गडगा: गवतारू नाही हो. ते वाळक्या गवतानं शाकारलेलं, दर पावसाळ्याआधी नवं. इथलं गवत जिवंत आहे. मुळांनी घट्ट विणलेली दलदलीतली माती कापून काढतात आणि भिंतीत ठोकळे तिरपे लावतात. एक थर डावीकडे कललेला, वरचा उजवीकडे, माशाच्या काट्यासारखा. माझ्या आजोळी भिंतींना पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे ठोकळे होते, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मी 'भेंड्याचं घर' म्हणेन.

आडवाट: मुंबईची पोरं भेंडीचं घर वाचतील.

व्युत्पत्तीवेडा: टर्फ आणि आपला दर्भ एकाच मुळातले आहेत. 'दर्भगृह' करा, घरचाच शब्द!

गडगा: नको. पिंडदानाला बसल्यासारखं वाटतं. शिवाय होफ गावात १८८४ चं असंच चर्च आहे, त्याला काय 'दर्भचर्च' म्हणणार?

व्युत्पत्तीवेडा: श्राद्धाशी जोडलाय तो तुम्ही, शब्दाचा काय दोष? बरं, मूळ धाग्यातलीच चूक कुणी पकडली नाही. वात्नायोकुल हिमनदी नव्हे, हिमानी. पाणिनीच्या व्याकरणात हिमानी म्हणजे बर्फाचा मोठा साठा. त्यातून खाली उतरणाऱ्या जिभा, त्या हिमनद्या.

आडवाट: शाळेच्या भूगोलात हिमनदीच शिकलो, तेवढ्यावर भागलं.

पाटीपेन्सिल: हिमानीचं पटतंय, पण माझं घर राहिलं बाजूला. आणखी एक अडचण आहे. त्या भागाचं नाव ओराइवी, अर्थ ओसाड मुलूख. १३६२ च्या ज्वालामुखीनं वस्ती उद्ध्वस्त झाली, त्यानंतर हे नाव पडलं. याचं भाषांतर करू का?

गडगा: विशेषनामाला हात लावू नका. ओसाडवाडी करून ठेवाल.

व्युत्पत्तीवेडा: पण ओसाड हा शब्द मुळात…

आडवाट: झालं सुरू! पाटीपेन्सिल, मजकूर कधी द्यायचाय?

पाटीपेन्सिल: काल.