लाईव्ह पेंटिंग करताना ॲक्रिलिक फार पटकन सुकतं, मदत हवी आहे

मंडळी, जे कार्यक्रमात लोकांसमोर बसून पेंटिंग करतात त्यांनी प्लीज जरा सांगा. मी आत्तापर्यंत चार-पाच कार्यक्रम केलेत, घरी जे चित्र आरामात जमतं तेच तिथे गेलं की हाताबाहेर जातं. मागच्या वेळी उघड्यावर होतं, वारा सुटलेला, पॅलेटवर काढलेल्या रंगावर दहा मिनिटांत साय धरली, आकाशाचं ब्लेंडिंग करायला घेतलं तर ब्रशला नुसते गोळे आणि कॅनव्हासवर पट्टे. स्प्रे बॉटलने पाणी मारत होते पण जास्त झालं की रंग पातळ होऊन ओघळतो. रिटार्डर (रंग हळू सुकावा म्हणून त्यात मिसळतात ते) कधी वापरला नाहीये, जास्त पडला तर चिकटपणा राहतो असं ऐकलंय, आणि चित्र त्याच रात्री घरी न्यायचं असतं. ओला स्पंज आणि वर बटर पेपर ठेवून पॅलेट करतात ते उघड्यावर टिकतं का? ऑइलचं सुचवू नका, ते सुकायला दिवस लागतात.

दुसरं म्हणजे लाईट. स्टेजच्या पिवळ्या उजेडात मी मस्त जांभळी सावली दिली आणि सकाळी बघते तर भडक निळी! इझलला क्लिपवाला पांढरा एलईडी लावला तर किती केल्विनचा (उजेड पिवळट की निळसर याचं माप) घ्यावा, ५००० चालेल का?

आणि हो, मागे उभं राहून "हे काय होणारे?" विचारणाऱ्यांशी बोलता बोलता हात कसा चालू ठेवता तेही सांगा, मला तर दोन्ही एकदम जमतच नाही 😅