पाळणाघरात मूल जखमी झाले, तर ‘सही केली होती’ एवढ्यावर विषय संपतो का?

वाकडची आई:
गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने असा सल्ला दिला होता, की प्रवेशअर्जावरील ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ या ओळीखाली आपण सही केलेली असते, त्यामुळे पालकांच्या हाती काहीच उरत नाही. मुले पडतातच, तेव्हा पाळणाघर बदलावे आणि मोकळे व्हावे. तो वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या अडीच वर्षांच्या मुलाचे बोट पाळणाघरातील दाराच्या बिजागरीत सापडले. डायरीत निळ्या शाईने लिहिले होते, ‘बोटाला किरकोळ लागले, हळद लावली.’ संध्याकाळी एक्स-रे काढला, तेव्हा टोकाच्या हाडाचे दोन तुकडे झालेले दिसले. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत ‘गंभीर दुखापत’ असते आणि ती निष्काळजीपणामुळे झाली असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. शिवाय ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. संस्थेला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल, तर शुल्कही लागत नाही. सहीचे म्हणाल, तर 1956 च्या पालकत्व कायद्यानुसार आईबाप स्वतःच्या करारनाम्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाला वैयक्तिकरीत्या बांधू शकत नाहीत. मग आमच्या सहीने त्याचा हक्क कसा बुडेल?

पाळणाघरचालक, चौदा वर्षे:
बाळाला लागले याचे वाईट वाटते, हे आधी लिहिते, नाहीतर आम्हाला काळीजच नाही असे ठरेल. परंतु कोणी आमचीही बाजू ऐकावी. ताप असलेल्या मुलाला सकाळी औषध पाजून ‘आज जरा किरकिरा आहे’ म्हणत सोडून जाणारे पालक मी रोज पाहते. साडेसहाची वेळ ठरलेली असताना आठ वाजता येतात आणि वर ‘ट्रॅफिक होते’ हे ऐकवतात. त्या दीड तासात माझी मावशी दिवसभराच्या कामाने थकलेली असते. अपघात नेमके तेव्हाच होतात. त्याचा गुन्हा कोणावर नोंदवायचा?

काळा कोट:
मूळ लेखिकेचा उत्साह कौतुकास्पद आहे. कायदा मात्र इतका सरळ नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 साली मनू सोळंकी प्रकरणात असे ठरवले, की शैक्षणिक संस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत आणि सहली, पोहणे, खेळ हे उपक्रमही त्याबाहेरच राहतात. आपल्या पावतीवर ‘प्ले-स्कूल’ असे छापलेले असेल, तर पहिल्याच तारखेला समोरचे वकील हाच निकाल पुढे करतील. बाल न्याय कायद्याच्या कलम 75 चेही नाव अनेकजण घेतात. संस्थेतील कर्मचाऱ्याला त्याखाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण तेथे मारहाण, छळ किंवा जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष सिद्ध व्हावे लागते. बिजागरीत सापडलेले बोट त्यात बसत नाही.

निवृत्त काका:
आमच्या तीन मुलांची बोटे दारात सापडली, गुडघे फुटले, एकाचे कपाळही; आम्ही कोणावरही खटले भरले नाहीत. घरात आजी असती, तर हा धागाच निघाला नसता.

वाकडची आई:
काका, माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत. आजी कोठून आणू, तेही सांगा. आणि आपल्या मुलांची बोटे घरच्या दारात सापडली. त्या दाराचे महिना नऊ हजार रुपये आपण कोणाला मोजत नव्हता.

वकीलसाहेब, ‘प्ले-स्कूल’ची धास्ती घालण्याआधी हे पाहा. माझ्याकडे ‘उशिराचा आकार, अर्ध्या तासाचे शंभर’ अशा अकरा पावत्या आहेत. होय ताई, मीही उशिरा येणारीच आई आहे. पण संध्याकाळी साडेसातला माझ्या मुलाला कोणते शिक्षण दिले जात होते? ते पैसे सांभाळण्याचेच होते. ज्या उशिराबद्दल आपण रागावता, त्याचीच पावती ही सेवा असल्याचा पुरावा आहे.

पाळणाघरचालक, चौदा वर्षे:
म्हणजे उशिरा यायचे, आमच्या जेवणाची वेळ मोडायची आणि तीच पावती आमच्याविरुद्ध लावायची! उद्यापासून उशिराचे पैसे घेतच नाही. साडेसहाला कुलूप लावते आणि मूल पायरीवर बसवते, चालेल?

काळा कोट:
ताई, तसे करू नका. ते मात्र कलम 75 मध्ये व्यवस्थित बसेल.

पावत्यांचा मुद्दा बरा आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. स्प्रिंग मेडोज प्रकरणात 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने मूल आणि पैसे देणारे पालक असे दोघेही ग्राहक मानले होते. प्रकरण रुग्णालयाचे असले, तरी त्याचा आधार घेता येईल. आणि शाळा ठरली म्हणून सुटका होत नाही. बियास नदीत 1995 साली सहलीला गेलेली 14 मुले बुडाली, तेव्हा शिक्षकांच्या निष्काळजीपणाबद्दल शाळेने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये द्यावेत, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली कायम ठेवला. दिवाणी दावा मुलाच्या नावाने वादमित्रामार्फत, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणाऱ्या मोठ्या माणसामार्फत, लावता येतो आणि अज्ञानपण संपेपर्यंत त्याची मुदत बुडत नाही. वकिलाचा खर्च नको असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिला आणि बालकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देते. आमच्या धंद्याच्या मुळावर येणारी ही माहिती मी का देत आहे, कोण जाणे.

आता मला एकच सांगा, सीसीटीव्हीचे चित्रण मागितलेत का?

वाकडची आई:
तोंडी मागितले. ‘साहेब आल्यावर बघू’ म्हणाले.

काळा कोट:
मग येथे काका आणि ताईंशी भांडत काय बसला आहात? जुन्या चित्रणावर नवे चढते. आजच लेखी पत्र द्या, पोच घ्या आणि डायरीचे ते पान जपून ठेवा. ‘किरकोळ’ हा शब्द एक्स-रेशेजारी ठेवला, की पुढचे मला बोलावे लागणार नाही.

पाळणाघरचालक, चौदा वर्षे:
माझ्या येथील बिजागऱ्यांना रबरी पट्ट्या बसवायला उद्या सुतार येणार आहे. या धाग्यामुळे, असे कोणी समजू नये. अर्जातील ती ओळही मी ठेवणार आहे. ती वाचून तरी पालक साडेसहाला येतील.