शब्दचर्चा : पोटातलं मूल 'मयत' होतं का?

टंकलेखक :
मंडळी, मी सावंतवाडीला कोर्टाबाहेर टायपिंगला बसतो, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नकला, दिवसभर तेच. मागच्या आठवड्यात एक कुटुंब आलं. काजूच्या बांधावरून भावकीत भांडण, मधे पडलेल्या सुनेला काठी बसली, तिला सातवा लागलेला. ती वाचली, मूल गेलं. त्यांना वाढीव कलम लावा म्हणून पोलिसांना अर्ज द्यायचा होता. ते सांगतायत, मी टाइप करतोय, आणि सवयीने 'मयत अर्भक' असं लिहून मोकळा झालो. वकिलांनी कागद घेतला, लाल पेनाने 'मयत' खोडलं, म्हणाले मयत व्हायला आधी माणूस असावा लागतो, हे जन्मलंच नाही. सुनेची सासू बाकावर बसली होती, ती लगेच, "जीव होतो तेका. जीव गेलो म्हणजे मेलाच मां?"

आता सांगा, शब्द कोणाचा बरोबर? चोवीस वर्षं टायपिंग करतोय, असं अडकायला पहिल्यांदाच झालं.

देवगडची :
काका, मी लॉ केलंय (प्रॅक्टिस नाही, आंब्याच्या पेट्या भरते), वकीलसाहेबांचं अर्धं बरोबर आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात कलम १०० म्हणजे सदोष मनुष्यवध, त्याच्या खाली तिसरं स्पष्टीकरण बघा, आधीच्या १८६० च्या भादंविच्या (भारतीय दंड संहिता) २९९ खाली होतं तेच. आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नाही. पण मुलाचा कुठलाही भाग बाहेर आला असेल आणि ते जिवंत असेल, तर मग श्वास घेतला नसला, पूर्ण जन्मलं नसलं तरी त्याला मारणं मनुष्यवध ठरू शकतं. म्हणजे नुसता हात बाहेर आला तरी कायद्याच्या लेखी माणूस, त्याच्या क्षणभर आधी नाही.

गंमत अशी की 'मनुष्यवध नाही' हे सांगताना कायदा 'मूल' आणि 'मृत्यू' हे दोन्ही शब्द वापरतोच. म्हणून 'खून' चूक, पण 'मृत्यू' चूक नाही. पेपरवाले 'पोटातल्या बाळाचा खून' असं हेडिंग देतात ते भावनेने ठीक, कायद्याने नाही.

खाजणातला :
मग शिक्षाच नाही का त्याला?? हे कसलं मग

देवगडची :
आहे ना, वेगळ्या कलमात. कलम ९२, जुनं ३१६. बाई मेली असती तर जे कृत्य सदोष मनुष्यवध ठरलं असतं, अशा कृत्यामुळे तिच्या पोटातलं जिवंत मूल मेलं, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यात अट मोठी आहे, नुसती धक्काबुक्की पुरत नाही, काठी कुठे बसली, किती जोराने, मारणाऱ्याला काय कळत होतं हे सगळं येतं. दुसरं कलम ८९, बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं, तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. मला कायम विचित्र वाटतं की 'गर्भपात' हा सौम्य वाटणारा शब्द ज्या कलमात आहे तिथे शिक्षा जास्त, आणि 'मृत्यू' आहे तिथे कमी. काकांच्या केसमध्ये कुठलं बसेल हे वकिलांनी कागद बघून ठरवायचं, मी इथून नाही सांगणार.

टंकलेखक :
ताई, तुम्ही 'जिवंत मूल' म्हणालात तिथे इंग्रजीत 'क्विक' आहे ना? मी नेहमी 'चपळ' असं समजायचो आणि मनात हसायचो, पोटातलं मूल चपळ कसं!

पोफळीखाली :
आता माझा विषय आला. (रिटायर्ड मास्तर, संस्कृत-मराठी, गुहागर तालुका.) क्विकचा जुना अर्थ 'जिवंत' एवढाच, वेगाचा अर्थ नंतरचा. आणि हा शब्द आपल्या 'जीव' चा चुलतभाऊ आहे, दोन्ही एकाच मूळ धातूतून आलेले. तेव्हा बाकावरच्या त्या बाईंनी "जीव होतो तेका" म्हटलं ते अजाणता कलमाचा शब्दच बोलल्या, भाषांतर करायला कोणी बसलं असतं तर इतकं नेमकं जमलं नसतं.

जुन्या इंग्रजी कायद्यात बाईला मुलाची हालचाल कळली की ते 'क्विक'. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात. गर्भपाताच्या साध्या कलमात, जुनं ३१२, आताचं ८८, ही रेघ अजून आहे, एरवी तीन वर्षं, हालचाल सुरू झालेली असेल तर सात. हिंदीत अशा बाईला 'स्पन्दनगर्भा' असा शब्द केलाय. ऐकायला देखणा आहे, पण आमच्या गावात कोणाला सांगितला तर नाटकातल्या नटीचं नाव वाटेल.

ही रेघ आपल्याकडेही जुनी. सुश्रुतात, म्हणजे आयुर्वेदाच्या त्या जुन्या ग्रंथात, गर्भ चौथ्या महिन्यापर्यंत पडला तर तो 'स्राव', पाचव्या-सहाव्यात शरीर घट्ट झाल्यावर पडला तर 'पात'. आपण आज सरसकट गर्भपात म्हणतो. आणि चौथ्याच महिन्यात गर्भाचं हृदय उमटतं म्हणून त्या बाईला तिथे दौहृदिनी म्हटलंय, दोन हृदयांची. तेच आपले डोहाळे. 'दोन जीवांची' म्हणतो तेही त्याच अंगाने. म्हणजे ओटीत नारळ घालताना आपण कलम ९२ च्या आसपासच असतो म्हणा ना.

खाजणातला :
मास्तर 😀 आमच्याकडे पोटुशी बाईला गुरवार म्हणतात, ते कुठून?

पोफळीखाली :
गुर्वी, गुरु म्हणजे जड, भारी, त्या वळणाचा असावा. गरोदर हा 'गर्भ' आणि 'उदर' असा जोडतात. पण भरकटू नका.

खाजणातला :
बरं मग भ्रूणहत्या? स्त्रीभ्रूणहत्येचा कायदा आहे की, त्यात तर सरळ हत्या आहे

देवगडची :
नाही, तेच तर. लोकांच्या तोंडी तो 'स्त्रीभ्रूणहत्येचा कायदा', पण १९९४ चा केंद्राचा कायदा लिंगनिदान आणि लिंगनिवडीविरुद्ध आहे. (महाराष्ट्राने त्याआधी १९८८ मध्येच स्वतःचा केला होता, देशात पहिला.) त्यात सोनोग्राफी करून मुलगा की मुलगी सांगितलं की गुन्हा झाला, गर्भ पुढे पडो न पडो, ती गरोदर बाई नऊ महिने भरून सुखरूप बाळंत झाली तरी डॉक्टर आत जाऊ शकतो. 'हत्या' त्यात कुठेच मोजली जात नाही.

आणि मला हा शब्द जरा खटकतोच. १९७१ च्या कायद्याने डॉक्टरकडे रीतसर गर्भपात करता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, काही बायकांना चोवीसपर्यंत दोघांच्या मताने. अशी कोणी दवाखान्यातून परत आली की शेजारीण कुजबुजते 'भ्रूणहत्या'. पोस्टर लावणाऱ्यांना मुली वाचवायच्या होत्या, बरोबरच होतं ते, पण शब्द जाऊन भलतीकडेच चिकटला.

पोफळीखाली :
शब्द जुना आहे ताई, धर्मशास्त्रात भ्रूणहत्या महापातकांत. फक्त तिथे 'भ्रूण' चा एक अर्थ वेदपारंगत ब्राह्मण असाही दिलाय! आणि फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात जे काढलं ते 'बालहत्या प्रतिबंधक गृह'. विधवांची जन्मलेली मुलं मारली जात होती, ती थांबवायची होती, म्हणून 'बाल'. त्या काळचे लोक शब्द जपून वापरायचे.

टंकलेखक :
सगळं छान, पण माझ्या कागदावर काय?

देवगडची :
काका, अजून एक घोळ सांगते. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्यात 'मृत्यू' ची व्याख्याच अशी की जिवंत जन्म झाल्यावर पुढे कधीही जीवनाची चिन्हं कायमची नाहीशी होणं. म्हणजे त्या कायद्यात जन्माआधी मृत्यूच नाही, त्यासाठी फॉर्म वेगळा, शब्द वेगळा, 'उपजत मृत्यू'. ग्रामपंचायतीत तुमचं 'मयत' खरंच चालणार नाही. फौजदारीत मात्र 'मुलाचा मृत्यू' चालतो. एकच मूल, दोन टेबलं. दिवाणीत तर तिसरंच, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बाप वारला तेव्हा पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं तर त्याला वाटा मिळतो, जणू तेव्हा जन्मलेलंच होतं.

खाजणातला :
सातबाऱ्यावर जन्मायच्या आधी हक्क, वा. आमच्याकडे जन्मून चाळीस वर्षं झाली तरी फेरफार नाय झालो

टंकलेखक :
आज अर्ज गेला. 'मयत' काढलं, 'अर्भक' पण काढलं, अर्भक म्हणजे जन्मलेलं असं मास्तरांनी फोनवर सांगितलं. असं टाइप केलं : "सदर मारहाणीमुळे माझ्या पोटातील सात महिन्यांच्या जिवंत बालकाचा मृत्यू झाला." वकिलांनी दोनदा वाचलं, पेन हातात होतं पण खोडलं काही नाही. सुनेने सही केली. सासूबाईंनी मोठ्याने वाचून दाखवायला लावलं, 'जिवंत' शब्द आला तशी म्हणाली, "हां, ताच लिवा."

टायपिंगचे वीस रुपये घेतले नाहीत.