मदत हवी आहे: वळलेला गर्भ ही कॅरिओफायलेलीझ गणाची खूण मानावी का?

नमस्कार. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी बीज आणि बीजांड यांच्या लक्षणांवर आधारलेला सपुष्प वनस्पतींच्या कुलांचा तक्ता मी तयार करत असून, कॅरिओफायलेलीझ या गणापाशी (राजगिरा, घोळ, कार्नेशन आदींच्या कुलांच्या गटापाशी) काम अडले आहे.

राजगिरा, चाकवत आणि घोळ यांच्यापुरते चित्र स्वच्छ आहे. बीजांड (ज्याचे पुढे बी होते) वक्र असते, त्याला दोन आवरणे असतात आणि प्रदेह, म्हणजे आवरणांच्या आतली ऊती, जाड असतो. बी पक्व झाल्यावर गर्भ कडेने कंकणासारखा वळलेला आणि मधोमध पिठूळ साठा दिसतो. हा साठा पुष्क (एंडोस्पर्म) नसून परिपुष्क (पेरिस्पर्म) असतो, म्हणजे तो पुष्काप्रमाणे दुहेरी फलनातून नव्हे, तर मातृवनस्पतीच्याच प्रदेहापासून बनतो. राजगिऱ्याचा भिजवलेला दाणा कापून भिंगाखाली धरला, तरी ही रचना ओळखता येते. कार्नेशनच्या कुलात या गणात इतरत्र सामान्यतः आढळणाऱ्या बीटालेन रंगद्रव्यांऐवजी अँथोसायनिन असतात, पण गर्भ तेथेही बहुधा वळलेलाच असतो. त्यामुळे रंगद्रव्यापेक्षा हे लक्षण अधिक भरवशाचे आहे, असे माझे मत आहे.

अडचण पुढे येते. 1998 च्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या संशोधक गटाच्या) वर्गीकरणापासून चित्रक, दवबिंदू (ड्रॉसेरा ही कीटकभक्षी वनस्पती) आणि कुट्टू (बकव्हीट) यांची कुलेही याच गणात धरली जातात, आणि त्यामागे मुख्य आधार डीएनएचा आहे. चित्रकाचे बीजांड अधोमुख (उलटे वळलेले) असून गर्भ सरळ असतो, दवबिंदूच्या बीत साठा पुष्काचा असतो, तर कुट्टूचे बीजांड ऋजू (सरळ उभे) असते. (उपवासाला चालणाऱ्या दोन पिठांपैकी कुट्टूचे पुष्कातून आणि राजगिऱ्याचे मुख्यतः परिपुष्कातून येते, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.) उलट निवडुंगाचे कुल राजगिरा-घोळाच्याच शाखेतले असूनही तेथे परिपुष्क अनेकदा नाममात्र उरते.

वळलेला गर्भ आणि परिपुष्क ही जोडी, चित्रक, कुट्टू व दवबिंदू यांची शाखा वेगळी झाल्यानंतर, उरलेल्या शाखेत उद्भवली असे मानले, तर तक्त्यात गणाच्या पातळीवर नेमके काय लिहावे? तो रकाना रिकामा ठेवून लक्षण शाखेच्या नावापुढे नोंदवावे, याकडे माझा कल आहे; मात्र परीक्षेच्या दृष्टीने ते विद्यार्थ्यांना कितपत पेलेल, याविषयी शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी सांगावे.

दुसरा प्रश्न प्रात्यक्षिकाचा आहे. आयोडीनने पुष्क आणि परिपुष्क या दोन्हींतला स्टार्च सारखाच निळा होतो, आणि कोवळ्या बीजांडांचे टप्प्याटप्प्याने छेद घेण्याइतकी साधने आमच्याकडे नाहीत. पक्व, सुक्या बीवरून पुष्क आणि परिपुष्क यांतला फरक दाखवण्याची वर्गात जमेल अशी पद्धत कोणी वापरली असल्यास कृपया सविस्तर लिहावी.