'भ्रष्ट' म्हणजे फक्त पैसे खाणारा का?

— भाषांतरात अडलेय. गोष्टीतला माणूस वर्षानुवर्षं मनानं पडत जातो, पैशाचा कुठेच संबंध नाही. मी 'भ्रष्ट होत गेला' लिहिलं तर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, वाचणाऱ्याला वाटेल लाच घेतली. 'अधःपतन' कीर्तनातलं वाटतं आणि 'बिघडला' म्हटलं की कॉलेजातलं पोरगं डोळ्यासमोर येतं. काय लिहू?

— ताई, भ्रष्टच ठेवा. भ्रंश् म्हणजे खाली पडणं, निसटणं. गीतेतला योगभ्रष्ट काय लाच खातो? नीतिशतकात 'विवेकभ्रष्टानां भवति विनिपातः शतमुखः' आहे, अपभ्रंश, स्मृतिभ्रंश, वैद्यांचा गुदभ्रंशसुद्धा त्यातलाच. लाचेला लाच म्हणा ना, पकडणारं खातंसुद्धा लाचलुचपत प्रतिबंधक विभागच आहे!

— आणि ते खातं कारवाई करतं ती भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खाली. धातू काढून शब्द चालत नाहीत हो, लोक वापरतात तो अर्थ. आमच्या आजीचा अर्थ तिसराच. सहा-सात वर्षांची असताना मी फडताळातल्या लोणच्याच्या बरणीत खरकटा हात घातला, बरणीच्या तोंडाला बांधायचा दादरा अजून दुसऱ्या हातात, आणि आजी दारातून ओरडली, 'भ्रष्ट केलीस सगळी!' घरात नुसता भ्रष्टाकार. यात नीती कुठे आणि पैसा कुठे?

— त्या अर्थाचे चटके आम्ही खाल्लेत. १९२७ ला महाडचं चवदार तळं 'बाटलं' म्हणून शेणगोमूत्र ओतून शुद्ध केलं, तळ्यात जनावरं पाणी पीत होती तेव्हा नाही बाटलं. नीतीनं पडलेल्या माणसाला मी हा शब्द नाही लावणार, तो निर्दोष माणसांवर फार फेकलाय.

— दादा, दुःख मान्य, पण बाटणं वेगळं. बाटतं ते दुसऱ्याच्या स्पर्शानं, भ्रष्ट माणूस आपला आपण होतो.

— मग ती बरणी काय आपली आपण झाली?

— मी तूर्त 'ढळत गेला' लिहिलंय. पण ढळायला आधी अढळ असावं लागतं, आणि हा माणूस तसा कधीच नव्हता. 'घसरला' नको, 'पाय घसरला' बहुतेक बायकांबद्दलच म्हणतात.

— 'नासला' चालेल का? दूध नासतं तसा, आतून.

— नासलेल्या दुधाचा कलाकंद होतो, नको.

— त्या बरणीचं पुढे काय झालं पण?

— आजीनं तोंड पण नाही लावलं. त्याच संध्याकाळी अख्खी बरणी मागच्या दारानं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना देऊन टाकली.