टेक्सासमधली रानडुकरं: थर्मल स्कोप आधी घ्यावा की हातातला स्कॅनर?

रानवाट:
नमस्कार मंडळी. सॅन अँटोनिओच्या दक्षिणेला एका शेतमालकानं रात्री रानडुकरं मारायला लेखी परवानगी दिली आहे. ज्वारीचं शेत आहे, कडेला मेस्किटची दाट झुडपं (आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या कुळातली) आणि पलीकडे गुरांचं कुरण. पेरलेलं बी डुकरं ओळीच्या ओळी उकरून खातात आणि दिवसा नजरेस पडत नाहीत. बजेट साडेतीन हजार डॉलर. एकच चांगला ६४०चा (सेन्सरच्या आडव्या ओळीत ६४० पिक्सेल असलेला) थर्मल स्कोप, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी बंदुकीवरची दुर्बीण घ्यावी, की थोडे कमी दर्जाचे दोन डिव्हाइस, एक स्कोप आणि एक हातात धरायचा थर्मल स्कॅनर? जाहिरातीत १८०० मीटरपर्यंत दिसतं असं लिहिलेलं असतं, त्यातलं खरं किती? आणि अंधारात झीरो (नेम जिथे, गोळी तिथे अशी स्कोपची जुळणी) कसा करायचा?

उष्णरेषा:
दोन डिव्हाइस घ्या. पैसे नंतर बघू, आधी सुरक्षिततेचं. स्कोप बंदुकीवर असतो. त्यातून शेत धुंडाळायचं म्हणजे दिसेल त्या प्रत्येक गरम ठिपक्यावर भरलेली नळी रोखायची. तो ठिपका शेतमालक असू शकतो, वासरू असू शकतं, कुणाचा कुत्रा असू शकतो. शोधायचं आणि ओळखायचं काम हातातल्या स्कॅनरचं. बंदूक खांद्याला लागते ती ओळख पटल्यावरच.

आता १८०० मीटर. हा आकडा खोटा नाही, पण तो 'काहीतरी गरम आहे' एवढंच सांगतो. हिशेब सोपा आहे. सेन्सरचा पिक्सेल १२ मायक्रॉनचा आणि लेन्स ३५ मिमीची असेल, तर १०० मीटरवर एक पिक्सेल सुमारे ३.४ सेंमी जागा व्यापतो. १८०० मीटरवर तोच पिक्सेल ६१ सेंमीचा होतो. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा माणूस तिथे जेमतेम तीन पिक्सेलचा.

रानडुकराच्या धडाची उंची अर्धा मीटर धरा. हे जनावर डुक्कर आहे की हरीण एवढं कळायला उंचीत सहा ते आठ पिक्सेल हवेत. खात्रीनं ओळखायला बारा-तेरा. ३५ मिमीच्या लेन्सनं आठ पिक्सेल सुमारे १८० मीटरवर मिळतात, तेरा पिक्सेल ११० मीटरवर. ५० मिमीच्या लेन्सनं हेच अंतर २६० आणि १६० होतं. दमट हवा, धुकं, पाऊस असेल तर यातून बरंच वजा करा.

या हिशेबात ३८४ की ६४० हा प्रश्न कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. लेन्स आणि पिक्सेलचा आकार तोच असेल तर जनावरावर पडणारे पिक्सेल तेवढेच. ६४० घेतल्यानं लांबचं दिसत नाही, रुंद दिसतं. ३५ मिमी लेन्सचा ३८४ स्कोप १०० मीटरवर १३ मीटर रुंदीचा पट्टा दाखवतो, ६४०चा स्कोप २२ मीटरचा. पहिल्या गोळीनंतर कळप फुटतो तेव्हा ही रुंदी उपयोगी पडते, नाकारत नाही. पण शोधायचं काम स्कॅनर करणार असेल तर १३ मीटर पुरतात.

म्हणून तुमच्या बजेटमध्ये स्कोप ३८४ आणि ३५ मिमी, स्कॅनर ३८४ आणि २५ मिमी. स्कॅनरचा पट्टा १८ मीटरचा पडेल आणि १३० मीटरपर्यंत डुक्कर कळेल. १९ मिमीचा स्कॅनर २४ मीटरचा पट्टा देतो, मात्र कळण्याचं अंतर १०० मीटरवर येतं. झुडपांत तो चालेल, तुमच्या मोकळ्या शेतात २५ बरा.

दोन गोष्टींत काटकसर नको. संवेदनशीलता, म्हणजे सेन्सरला कळणारा सगळ्यात लहान तापमानाचा फरक, २५ मिलिकेल्विन किंवा त्याहून कमी असावी, कारण दमट रात्री जमीन, गवत आणि झाडं जवळपास एकाच तापमानाला येतात आणि स्वस्त सेन्सरमध्ये सगळा करडा चिखल दिसतो. दुसरं, रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं. ९ हर्ट्झचं डिव्हाइस छपरातली गळती शोधायला ठीक, पळत्या जनावरामागे चित्र तुटक येतं.

मेस्किट_मामा:
झीरोचं मी सांगतो. साधं कागदी टार्गेट थर्मलमध्ये दिसतच नाही, कारण शाई आणि कागद एकाच तापमानाचे. पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा आणि पुठ्ठा किंचित मागे कलता ठेवा. चकचकीत पत्रा वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो, त्यामुळे पट्टी गडद, थंड दिसते. आभाळ भरलेलं असेल तर ही युक्ती फिकी पडते. तेव्हा हात शेकायच्या पुड्या वापरा. पण त्या उघडून हवा लागू द्या, गरम व्हायला वेळ घेतात. गोळी लागली की पुडी फुटते, म्हणून चार-पाच जवळ ठेवा.

पट्टी किती मोठी हवी, इथे बरेच जण अडकतात. १०० यार्डांवर ३५ मिमीच्या लेन्सचा एक पिक्सेल ३ सेंमीच्या आसपास. ३ सेंमीचा ठिपका तिथे हरवतो. १० सेंमीचा चौकोन लावा.

क्रम असा. स्कोप बसवताना स्क्रू टॉर्क पान्यानं उत्पादकानं दिलेल्या आकड्याइतकेच आवळा. हातानं अंदाजे आवळलेले स्क्रू हेच झीरो हलण्याचं सगळ्यात मोठं कारण. डिव्हाइस चालू करून दहा मिनिटं ठेवा, सेन्सर स्थिरावू द्या. मग शटरचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे शटर क्षणभर सेन्सरसमोर येऊन चित्र एकसारखं करून घेतं. पहिली गोळी २५ यार्डांवर, म्हणजे ती पुठ्ठ्यावर पडेल याची खात्री. छिद्र काही क्षण गरम दिसतं. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवून क्रॉसहेअर (नेमाची फुली) मूळ नेमाच्या बिंदूवर आणा, 'फ्रीझ' दाबा आणि गोठलेल्या चित्रात क्रॉसहेअर छिद्रावर सरकवा. त्यानंतर १०० यार्डांवर तीन गोळ्यांचा गट आणि गटाच्या मध्यावरून दुरुस्ती. एका गोळीवरून नाही.

बऱ्याच स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे एक पिक्सेल. त्यामुळे दीड सेंमीची चूक उरली तर तिच्या मागे लागू नका, त्याहून बारीक सरकवायला जागाच नाही. काही मॉडेलमध्ये झूम वाढवून झीरो केला की पायरी बारीक होते. मॅन्युअल वाचा.

शटरबद्दल आणखी एक. कॅलिब्रेशन आपोआपवर ठेवलं तर ते नेमक्या नको त्या वेळी क्लिक करतं आणि चित्र अर्धा-एक सेकंद थिजतं. शिकारीला निघाल्यावर ते मॅन्युअलवर ठेवा आणि नेम धरण्याआधी स्वतः दाबा.

तांबडीमाती:
गाडीत बसून काच बंद ठेवून स्कॅन केलं तर चालतं का?

उष्णरेषा:
नाही. ८ ते १४ मायक्रॉनचे किरण काचेतून पार होत नाहीत, फक्त काचेचं तापमान आणि तुमचाच चेहरा दिसेल. म्हणून तर थर्मलची लेन्स जर्मेनियमची असते. काच खाली करा. आणि टेक्सासमध्ये सार्वजनिक रस्त्यावरून शिकार करायला मनाई आहे, गाडी रानाच्या आत असली पाहिजे.

पाणवठा:
वर सुटलेली बाजू मांडतो. थर्मलमध्ये अंतर कळत नाही. ६० मीटरवरचं पिल्लू आणि १८० मीटरवरचा नर सारखेच दिसू शकतात, म्हणून लेझर रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) हवाच, स्कोपमधला असो वा वेगळा. काटेरी तार, गवताच्या काड्या, बारीक फांद्या आजूबाजूच्याच तापमानाच्या असतात, त्या दिसत नाहीत आणि गोळी त्यांना लागून वळते. सगळ्यात गंभीर म्हणजे जनावरामागे काय आहे ते नीट कळत नाही. दिवसा शेत पायी फिरा. घरं, रस्ता, पाण्याच्या टाक्या, गुरांची बसायची जागा नकाशावर मांडा. मागे मातीचा चढ असलेल्या दिशा ठरवा आणि रात्री फक्त त्याच दिशांना गोळी. चढ नसेल तर उंचावरून खाली मारा.

ओळख पटवताना ठिपक्याचा आकार सोडा, हालचाल बघा. डुकराचं धड पुढे जड, पाचरीसारखं, डोकं खाली, पाय आखूड, कळपात सारखी ढकलाढकली. हरणाची मान उभी होते आणि ते थबकून बघतं. टेक्सासमध्ये हरीण रात्री मारणं गुन्हा आहे, त्यामुळे इथे शंकेला जागा नाही. उंच गवतात फक्त पाठ दिसत असेल तर थांबा. रॅकून आणि आर्माडिलो ही इथली छोटी जनावरं डुकराच्या पिल्लासारखी दिसतात. चिखलात लोळून आलेल्या डुकराच्या अंगावर थंड, काळे पट्टे दिसतात, त्यानं आकृती फसवी होते. सूर्यास्तानंतरचा थोडा वेळ दगड आणि पत्रे तापलेले असतात, तेव्हा घाई नको.

नेम: डुकराचं हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, धडाच्या खालच्या तिसऱ्या भागात. मोठ्या नराच्या खांद्यावर कठीण चामट थर असतो, हलकी गोळी तिथे फसते आणि जनावर जखमी होऊन झुडपात जातं. जखमी नराचा माग एकट्यानं अंधारात काढू नका.

वारा तोंडावर घ्या. त्यांची नजर कमजोर, नाक फार तिखट.

नियमावली:
कायद्याचं, कारण इथे बरेच जण एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहेत. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. हे वाचून परवाना न काढणं व्हिसाधारकाला महागात पडू शकतं. केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे, आणि मित्राची बंदूक हातात घेणंही त्यातच येतं. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं. म्हणून राज्य मागत नसलं तरी परवाना काढाच. तो ३१ ऑगस्टला संपतो, नवा वेळेत घ्या. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारी शिक्षणाचा कोर्सही करावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू नाही. निघण्यापूर्वी गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम बघणारा अधिकारी) आणि शेरिफच्या (स्थानिक पोलीस प्रमुख) कार्यालयाला फोन करून जागा, वेळ सांगा. रात्री गोळीचा आवाज ऐकून शेजारी फोन करतातच.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. ३८४ची जोडीच घेतो. शेवटचा प्रश्न: गावी भुईमुगात रानडुकरं येतात. सुट्टीत हा स्कोप बॅगेतून नेता येईल का?

नियमावली:
नेऊ नका. थर्मल स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणात येतो, परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं हाच गंभीर गुन्हा आहे, मग ते सुट्टीसाठी असो. भारतातही रानडुकराला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चं संरक्षण आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली अधिकृत वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनंच मारता येतं. नुकसान झालं की आधी वनविभागाकडे पंचनाम्यासाठी अर्ज करा, भरपाईची वाट तिथूनच जाते.

पाणवठा:
आणि इकडे मारलेलं डुक्कर सोलताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. रानडुकरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार असतो, तो रक्तातून आणि जखमेतून माणसाला होतो. मांस आतपर्यंत १६० फॅरनहाइटला, म्हणजे ७१ सेल्सियसला शिजवा. कुत्र्याला कच्चं टाकू नका.