स्लॉटचे दोनशे आणि ग्राइंडरची घरघर

खर्जातला_सा
परवा एका आयोजक महाशयांनी लिहिलं, "ओपन माइकचे दोनशे रुपये जड जात असतील तर घरी आरशासमोर सादर करा. आम्ही मंच देतो, माइक देतो, प्रेक्षक देतो." त्यावर टाळ्याही पडल्या, म्हणून जरा सविस्तर. ओपन माइक म्हणजे कॅफेत नाव नोंदवून कोणीही पाच मिनिटं कविता, गाणं किंवा विनोद सादर करायचे; त्या पाच मिनिटांच्या स्लॉटचे हे दोनशे.

मंच म्हणजे काचेच्या खिडकीला लागून दोन टेबलं सरकवली की उरते ती सहा बाय चारची जागा. माइकबद्दल न बोललेलं बरं. आणि प्रेक्षक देतो? मंगळवारी रात्री त्या कॅफेत वीस माणसं असतील तर सोळा आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारी आणि चार त्यांनी ओढून आणलेले मित्र. म्हणजे प्रेक्षक आम्हीच आणायचे, आम्हीच व्हायचे आणि तिकीटही आम्हीच काढायचं.

सोळा जणांचे दोनशेप्रमाणे ३,२०० झाले. वर 'मिनिमम वन ऑर्डर'. दोनशे भरले आणि तेवढ्याची कॉफी-सँडविच मिळालं तर तक्रार नाही, त्याला कव्हर म्हणतात. स्लॉटचे वेगळे, ऑर्डरचे वेगळे, ही मात्र दुहेरी वसुली. एरवी मंगळवारी त्या खुर्च्या रिकाम्याच असतात.

१९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरच्या कॉफी हाउसांत टोपली फिरायची, तिच्यात पडेल ती गाणाऱ्याची कमाई. ती टोपली श्रोत्यांपुढे फिरायची. आपल्याकडे ती कवीपुढे धरतात आणि चौथ्या मिनिटाला, वेळ संपत आली म्हणून, त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारतात. बरं, उरलेल्या एका मिनिटात नेमका कॉफी दळायचा ग्राइंडर सुरू होतो.

हिशेबनीस
ते महाशय मी नव्हे, आरशाचं वाक्य मलाही पटलेलं नाही. पण फुकट ठेवून बघा. पंचवीस नावं येतात, अकरा माणसं येतात. ज्याचे पैसे गुंतलेले नाहीत त्याला सहा वाजता पाऊस दिसतो. दोनशे ही कमाई नाही, माणसाला बांधून ठेवणारी कडी आहे.

आता वेळेचं. सोळा जण गुणिले पाच म्हणजे ८० मिनिटं. निवेदक प्रत्येकाआधी एकच मिनिट बोलला, आणि एवढं कमी बोलणारा निवेदक अजून जन्मायचाय, तरी १६. चौघे वाद्यवाले, प्रत्येकाच्या जोडाजोडीला तीन, म्हणजे १२. झाली १०८ मिनिटं. साडेसातचा कार्यक्रम आठला सुरू, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी: दहा वाजून तीन. प्रत्येकाने "शेवटच्या चार ओळी" म्हणत एकेक मिनिट खाल्लं की दहा एकोणीस.

दहानंतर ध्वनिवर्धक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला मुद्दा माहीत असेलच. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण दार उघडं ठेवून फुटपाथवर टेबलं मांडलेल्या कॅफेला सभागृह म्हणणार कोण? वरच्या मजल्यावरचे काका म्हणणार नाहीत. म्हणून टॉर्च.

टाइट_पाच
भावा, टॉर्च चौथ्या मिनिटाला एकदाच, तीही मागच्या भिंतीजवळून आणि हात वर करून. पहिल्या रांगेतून तोंडावर मारली की विनोदाचा पंच गेला. स्टँडअपवाल्याला तिची सवय असते, कवी मात्र बिचकतो आणि कागदातली ओळ हरवतो. आयोजकाने सुरुवातीलाच एकदा दाखवून ठेवावी, दहा सेकंदांचं काम आहे.

तिसरा_शॉट
ग्राइंडरवर घसरलात म्हणून बोलतो. एस्प्रेसोच्या डबल शॉटला १८ ग्रॅम पूड लागते, दळायला दहाएक सेकंद. "आधीच दळून ठेवा ना" हे दर कार्यक्रमाला कोणीतरी सांगतंच. पूड उघडी राहिली की वास उडतो, पंधरा-वीस मिनिटांनी त्याच दळणावर शॉट वेगळा पडतो, बहुधा भरभर वाहतो. मग हाच कवी म्हणणार, कॉफी पाणचट होती.

आणि खरा आवाज ग्राइंडरचा नसतोच. चोथा पाडायला हँडल आपटतात तो ठोका, आणि दूध गरम करताना नळी खोल बुडवली तर निघणारी किंकाळी. नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली धरलं तर तीन-चार सेकंद कागद फाटल्यासारखा आवाज येतो, मग दूध गुपचूप गरगरतं. शिकाऊ पोरगा असला की कविता संपेपर्यंत किंकाळी. तिथे पैसे घालवा, ट्रेनिंगवर.

गेन_कमी_कर
कॉफीवाले कॉफीचं सांगणार, कवी दोनशेचं. ऐकू का येत नाही हे कोणी विचारेना.

त्या कोपऱ्यात स्पीकर कुठे असतात? सादर करणाऱ्याच्या पाठीमागे, खिडकीच्या कठड्यावर, कारण प्लग तिथे आहे. म्हणजे स्पीकर थेट माइकच्या तोंडात बोलतो. आवाज वाढवला की शिट्टी, म्हणून वाढवत नाहीत, म्हणून ऐकू येत नाही, म्हणून दोष ग्राइंडरचा. नाचता येईना अंगण वाकडं.

स्पीकर माइकच्या पुढे हवेत, दोन बाजूंना, स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यावरून जातील एवढे उंच. काचेला पाठ करून कोणाला उभं करू नका, आवाज तिच्यावर आपटून परत माइकमध्ये येतो. पडदा असेल तर ओढा. नसेल तर माणसाला पुस्तकांच्या कपाटापुढे उभं करा, दर कॅफेत एक असतंच, वाचत कोणी नाही.

कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी एक काम: माइक जागेवर, खोलीत शांतता, आवाज हळूहळू वाढवत न्यायचा. पहिली शिट्टी जिथे वाजते तो पट्टा ईक्यूवर, म्हणजे आवाजाचे पट्टे कमीजास्त करायच्या बटणांवर, तीन ते सहा डेसिबल खाली. घुमल्यासारखं असेल तर बहुधा २५० हर्ट्झच्या आसपास, कान टोचत असेल तर दोन ते चार हजारांत. पुन्हा वाढवायचं, दुसरी शिट्टी, पुन्हा कापायचं. तिसरीला थांबा, नाहीतर माणूस डब्यातून बोलल्यासारखा येतो. बोलण्याच्या चॅनलवर शंभर हर्ट्झखालचं सगळं कापा. कविता तिथे नसते, पंखा आणि टेबलावरचे ठोके असतात.

टाइट_पाच
एवढं सगळं आठ चॅनलच्या साउंड मिक्सरवर आणि वेटरच्या भरवशावर?

गेन_कमी_कर
आठ चॅनलच्या मिक्सरवरच. आणि तुमच्या स्टँडअपवाल्या जमातीवर वेगळा अध्याय आहे. माइकची जाळी मुठीत धरून रॅपरसारखं बोलता ना? एसएम ५८ सारखा मंचावरचा नेहमीचा माइक समोरचं ऐकतो आणि मागचं टाळतो, कारण जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जाते. ती वाट मुठीने बंद केली की तो चहूबाजूंचं ऐकू लागतो. शिट्टी तिथून येते. दांडा धरा, जाळी मोकळी ठेवा.

अंतराचंही तेच. तोंडापासून दोन इंचांवरचा माइक आठ इंचांवर नेला की आवाज बारा डेसिबल पडतो. मग साउंडवाला वाढवतो, मग पुढचा येऊन ओठ टेकवतो आणि सगळी खोली दचकते.

मिटरमध्ये
हे सगळं वाचून झालं. गझल वाचणाऱ्याला माइक हातात देऊच नका एवढंच सांगते. एका हातात वही किंवा फोन, दुसऱ्यात माइक, मग दाद घ्यायला हात कुठून आणायचा? शेराची पहिली ओळ दोनदा म्हणायची असते, दुसरीआधी थांबायचं असतं, आणि त्या थांबण्यात निवेदकाला वाटतं की विसरली, लगेच टाळ्या! स्टँड द्या. माइक हनुवटीच्या पातळीवर, किंचित वर वळवलेला, म्हणजे चेहरा झाकत नाही आणि 'प', 'फ', 'भ' वर फुसकारा येत नाही.

आणि यादीचं कोणी बोलतच नाही. पुण्यात, मराठी वस्तीत, सोळांत मराठी तीन, आणि तिघांनाही एकापाठोपाठ शेवटी घालायचं, "नाउ समथिंग रीजनल" म्हणून. तोवर आपापलं उरकून लोक पळालेले. दोनशे रुपये सगळ्यांचे सारखेच ना?

हिशेबनीस
ताई, शेवटी घालण्यात भाषेचा प्रश्न नाही. वाद्यवाले एकत्र घ्यावे लागतात, वारंवार जोडाजोड नको म्हणून. स्टँडअपवाले आधी मागतात कारण...

मिटरमध्ये
"भाषेचा प्रश्न नाही" हे वाक्य नेहमी ज्याची भाषा आधी लागते तोच म्हणतो. चिठ्ठ्या टाका. वाटीत सोळा चिठ्ठ्या, निघेल तो नंबर. गिटारवाल्यांच्या चार चिठ्ठ्या एका पिनेत टोचा, म्हणजे एकत्र निघतील. एवढं अवघड आहे?

हिशेबनीस
अवघड नाही. पिनेची कल्पना मला सुचायला हवी होती, मान्य.

तिसरा_शॉट
साउंडवाले साहेब, शिट्टीचं सगळं कळलं, पण तुम्ही लोक आमच्या काउंटरच्या मागचा प्लग काढून तुमचा लावता ते आधी थांबवा. मशीन गार झालं की पुन्हा तापायला वीस-पंचवीस मिनिटं. मग सुट्टीत एकदम बारा कॅपुचिनो, आणि सुट्टी संपल्यावर घरघर होणारच.

गेन_कमी_कर
प्लग मिळाला असता तर काढला नसता. आणि तुमच्याच लाइनवर जोडलं की ग्राइंडर सुरू होताना आणि बंद होताना स्पीकरमध्ये 'टक' येतो, ती मोटार आहे. लांब एक्स्टेन्शन घेऊन वेगळ्या लाइनवरून वीज घ्यायची आणि मिक्सर, स्पीकर, लॅपटॉप सगळे त्या एकाच बोर्डवर. वेगवेगळ्या ठिकाणी लावले की गुणगुण सुरू. लॅपटॉपच्या चार्जरने गुणगुणत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. अर्थिंगची पिन उपटणारे महाभाग असतात, त्यांना त्याच वायरने बांधून ठेवावं. ओठ धातूच्या जाळीला लागलेले असतात, शॉक बसला तर कविता श्रद्धांजलीची होईल.

गिटारवाल्यांनाही सांगून ठेवतो. वाद्यातला ९ व्होल्टचा चौकोनी सेल आधी बदला; उतरला की आवाज चिरका होतो आणि शिव्या साउंडवाल्याला. केबल लावताना-काढताना चॅनल म्यूट. कराओके ट्रॅक फोनवर असेल तर विमान मोड, आणि वायरने जोडा. परवा कुठेतरी भर अंतऱ्यात कर्जाच्या ऑफरचा फोन वाजला म्हणे.

खर्जातला_सा
मूळ प्रश्न दोनशे रुपयांचा होता. धागा आता वायरमनच्या हातात गेलाय.

गेन_कमी_कर
पाच मिनिटं ऐकूच आली नाहीत तर दोनशे कशाचे हा प्रश्नच उरत नाही, साहेब. तुमच्याच पहिल्या पोस्टचं शेवटचं वाक्य वाचा.

टाइट_पाच
हाहा. हे बसलं.

खर्जातला_सा
बसलं तर बसलं. पण मग त्या ३,२०० मधून साउंडवर किती जातात ते आयोजकांनी मांडावं. निम्म्या ठिकाणी माइक कॅफेचा, स्पीकर कॅफेचे, भाडं शून्य. पैसे जातात रील काढणाऱ्याला, आणि आमचाच व्हिडिओ हवा असेल तर त्याचे पुन्हा वेगळे. खाई त्याला खवखवे.

हिशेबनीस
ज्यांचं भाडं शून्य आहे त्यांनी घेऊ नयेत, इथपर्यंत मीही येतो. खर्च मात्र फक्त भाड्याचा नसतो. दुसऱ्यांची गाणी गायची तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. ट्रॅक लावून गायलात तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. स्वतःच्या कवितेला यातलं काही लागत नाही, म्हणून कवींना हा खर्च दिसत नाही.

मिटरमध्ये
म्हणजे गाणाऱ्यांच्या परवान्याचे पैसे कवीने भरायचे? वड्याचं तेल वांग्यावर!

हिशेबनीस
तसं नाही म्हणालो. बरं, ऐका. दोनशे अनामत घ्यायची. जो शेवटच्या माणसापर्यंत बसेल त्याला दीडशे परत, पन्नास साउंडला. जो आपलं उरकून पळेल त्याचे राहिले. ऑर्डर ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

टाइट_पाच
परत देताना दारात रांग लागेल आणि यूपीआयचे व्यवहार अडकतील.

हिशेबनीस
रोख घ्यायची. पन्नासच्या नोटा आधी आणायच्या, सोळा त्रिक ४८. नावाच्या चिठ्ठीलाच तीन नोटा टोचून ठेवायच्या, शेवटच्या सादरीकरणानंतर चिठ्ठी वाचून द्यायच्या.

खर्जातला_सा
आणि नोटा उरल्या तर? पळालेल्यांच्या?

हिशेबनीस
ज्याला शेवटचा नंबर लागला त्याला. टोपलीच समजा.

खर्जातला_सा
हे बरं आहे. नाइलाजाने म्हणतोय, पण बरं आहे. आता मालकाला पटवा. ऑर्डर मर्जीवर म्हटल्यावर तो अंगावर येईल.

तिसरा_शॉट
मालकाकडे मी बघतो. कार्यक्रमाच्या दिवशी पदार्थांची पाटी छोटी ठेवायची, कोल्ड ब्रू म्हणजे थंड पाण्यात भिजवलेली कॉफी, आणि फिल्टर कॉफी. कोल्ड ब्रूला एक किलो जाडसर पुडीला आठ लिटर पाणी, आदल्या रात्री फ्रिजमध्ये, चौदाएक तास, गाळून बाटल्यांत. फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे अर्क, दुपारीच उतरवून ठेवायचं, दूध शेगडीवर. दोन्हींत मशीनचा आवाज नाही. कॅपुचिनो फक्त सुट्टीत. मालक म्हणेल की फिल्टर कॉफीत सुटतं काय, कॅपुचिनोत जास्त सुटतं. खरंय. पण चौघांची ऑर्डर एका माणसाला दोन मिनिटांत देता येते, मशीनवर ते होत नाही.

मिटरमध्ये
मग इतका वेळ ग्राइंडरची वकिली कशाला करत होतात?

तिसरा_शॉट
कारण पूड आधी दळून ठेवा म्हणाले म्हणून. ती नाहीच ठेवणार.

गेन_कमी_कर
वेगळ्या लाइनचं विसरू नका. आणि फ्रिजही त्या बोर्डवर नको, त्याचा काँप्रेसर सुरू झाला तरी 'टक' येतो.

तिसरा_शॉट
फ्रिजचा प्लग काढलात तर कोल्ड ब्रू विसरा.